शनिवार-रविवार: पेनकट्टा, क्यूबकट्टा आणि दादासोबत दोन सिनेमे. कसं बसवायचं?

धाकटी_पाती

शनिवारी सकाळी १० ते १ फाउंटन पेनवाल्यांचा कट्टा आहे आणि रविवारी ९ ते ४ क्यूबवाल्यांचा (रुबिक क्यूब सोडवणाऱ्यांचा). पेनं हा माझा प्रांत, क्यूब दादाचा. यावेळी दोघांनी दोन्हीकडे जायचं ठरलंय, शिवाय रोज एक सिनेमा. एक थ्रीडी, १६५ मिनिटांचा. दुसरा साधा, सव्वादोन तासांचा, सबटायटल्सवाला.

विचारायचं ते असं: पेनं कशी न्यावीत म्हणजे टोपण उघडल्यावर आत शाईचं तळं सापडणार नाही? ज्याचा तो छंदच नाही त्या भावंडाने एवढा वेळ करायचं काय? कुठला सिनेमा कुठल्या दिवशी? आणि रांग कशी निवडायची? 'मधली घ्या' हे सगळेच सांगतात, मधली म्हणजे नक्की कितवी?

शाईवेडा

पेनांचं मी सांगतो, सिनेमाचं जाणकार सांगतील.

पेनं आदल्या रात्री भरा आणि पूर्ण भरा. अर्धवट भरलेल्या पेनात हवा जास्त असते. ती तापली की पसरते आणि फीडमधून (निबेखालची, शाई टोकापर्यंत आणणारी खाचांची पट्टी) शाई बाहेर ढकलते. कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी पेनातली नळी) भरून झाला की २-३ थेंब दौतीत परत सोडा, निब वर धरा आणि नॉब पुन्हा भरायच्या दिशेने फिरवून थोडी हवा आत घ्या. फीडच्या खाचांत साचलेली जादा शाई आत ओढली जाते. मग निब मऊ फडक्याने टिपा, घासू नका. प्रवासभर पेन उभं, निब वरच्या बाजूला. टोपणातली बहुतेक तळी आडव्या टाकलेल्या पेनांची असतात.

ड्रॉपरने भरायचं पेन असेल तर जास्त जपा. त्यातली शाई एक तृतीयांशाच्या खाली आली की नुसत्या हाताच्या उबेनेही थेंब पडतो. कट्ट्यावर ते पेन दुसऱ्याच्या हातात आणि तिसऱ्याच्या वहीवर असणार. काठोकाठ भरून न्या, नाहीतर घरी ठेवा.

५-६ पेनं पुरेत. एकाच जाडीच्या सहा निबा नेण्यात अर्थ नाही. एक फाइन (बारीक), एक ब्रॉड (जाड), एक स्टब (सपाट टोकाची) अशी विविधता ठेवा. प्रत्येक पेनासोबत कागदाची चिठ्ठी: निब कोणती, शाई कोणती. दर दोन मिनिटांनी हाच प्रश्न येतो.

आणि पेन बघायला दिलंत की टोपण स्वतःच्या हातात ठेवा. बिनटोपणाचं पेन कोणी विसरून खिशात घालत नाही.

धुऊन_पुसून

+१. टोपणाचा उपाय नामी आहे. शाईबद्दल थोडी भर.

कट्ट्याच्या पेनात साधी डायवाली (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) शाई भरा. चमकीवाल्या शाईतले कण फीडच्या खाचेत बसतात. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) एकदा आत वाळली की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. आयर्न गॉल (लोहयुक्त शाई) आम्लधर्मी असते, पेनात फार दिवस ठेवायची नाही. यांपैकी काही भरलंच असेल तर पेन हातात देण्याआधी सांगा. समोरचा ती शाई स्वतःच्या पेनासाठी मागून नेतो आणि मग महिनाभराने तक्रार घेऊन येतो.

शाईच्या नमुन्यांची देवाणघेवाण होणार असेल तर २ मिलीच्या कुप्या आणि बोथट सुईच्या सिरिंज न्या. प्रत्येक शाईला वेगळी सिरिंज उत्तम. एकच असेल तर दोन शायांच्या मधे तीनदा स्वच्छ पाणी ओढून टाका. बाहेर काढलेली शाई मूळ दौतीत परत ओतायची नाही, कितीही कमी उरलेली असो. दोन शायांची रसायनं जुळली नाहीत तर तळाशी गाळ बसतो, आणि मालकाला त्याचा पत्ता पेन तुंबल्यावर लागतो. कुपीवर नाव पेन्सिलने लिहा. शाईने लिहिलेलं नाव ओल्या बोटांनी पुसलं जातं.

चौकट_राजा

कट्ट्यावर पेन तिथल्या तिथे धुवायचं झालं तर? गरम पाणी आणि थोडं स्पिरिट, काम लवकर होतं असं ऐकलंय.

धुऊन_पुसून

@चौकट_राजा, दोन्ही नको. गरम पाण्याने एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) रंग जातो, काही प्लास्टिकं वाकडी होतात. स्पिरिटने अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी आणि रबरी फुग्याची पिचकारी एवढ्यावर डायवाली शाई निघते. नाहीच निघाली तर घरी येऊन दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब. निब-फीड त्यात थोडा वेळ बुडवून मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. केसीनच्या (दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकच्या) पेनांना आणि पितळेच्या भागांना अमोनिया लावू नका. आयर्न गॉल असेल तर आधी नुसत्या पाण्याने पूर्ण काढून घ्या, कारण अमोनियासारख्या अल्कलीत त्यातलं लोह गाळ होऊन बसतं.

शाईवेडा

कट्ट्यावरचा आणखी एक धोका म्हणजे 'जरा निब नीट करून देतो' म्हणणारे हात. पेन अडखळत असेल तर आधी १० पट भिंगातून निब समोरून बघा. दोन्ही टोकं एका पातळीत नसतील तर वर आलेलं टोक नखाने हलकेच खाली दाबायचं, पुन्हा बघायचं. नव्वद टक्के खरखर एवढ्यावर जाते, हा माझा अंदाज. टोकं सरळ आहेत, पेन गुळगुळीतही चालतं, पण पहिली रेघ उठत नाही असं असेल तर टोक आतल्या कडांना जास्त गोल घासलं गेलेलं असतं. शाई कागदाला टेकतच नाही. त्याला घासकाम लागतं आणि ते कट्ट्याच्या टेबलावर गप्पा मारत करायचं काम नव्हे.

धाकटी_पाती

भारीच! चिठ्ठ्या आणि कुप्या यादीत. पण दादाचं काय? तो म्हणतो निळी शाई ती निळी शाई.

शाईवेडा

दादाच्या हातात टायमर द्या. क्यूबवाला आहे म्हणजे त्याच्याकडे असणारच.

शाई वाळण्याची चाचणी कट्ट्यावर सगळ्यांना हवी असते आणि करायचा कंटाळाही सगळ्यांनाच असतो. कागदावर दर ५ सेकंदांनी एक आडवी रेघ मारायची, ३० सेकंदांपर्यंत. शेवटची रेघ मारल्या क्षणी सगळ्या रेघांवरून एकदाच कोरडं बोट वरून खाली ओढायचं. न फासलेल्या रेघांतली जी सर्वांत नवी, तिचं वय म्हणजे वाळायचा वेळ. एकच पेन, एकच शाई, चार-पाच कागद. ५२ ग्रॅमच्या पातळ, गुळगुळीत कागदावर शाई सावकाश वाळते पण रंगाची छटा उठून दिसते. साध्या ८० ग्रॅमच्या छपाईच्या कागदावर लवकर वाळते पण रेघ फुटते आणि पाठीमागे उमटते. तासाभरात तक्ता तयार होतो, आणि त्याच्याभोवती गर्दी जमते ती दादाच्या. आकडे आले की क्यूबवाले खूश असतात.

घनमूळ

अगदी! आता ताईंनी क्यूबकट्ट्यावर काय करायचं ते.

स्पर्धेच्या पद्धतीने फेऱ्या होणार असतील तर तीन कामं असतात: स्क्रॅम्बल करणारा (ठरवून दिलेल्या चालींनी क्यूब विस्कटणारा), क्यूब नेणारा-आणणारा आणि पंच. ने-आण करायला काहीच येत नसलं तरी चालतं. झाकलेला क्यूब टेबलावर न्यायचा, वेळेची चिठ्ठी परत आणायची. पंचाचं काम अर्ध्या तासात शिकता येतं आणि खरी मजा त्यातच आहे.

पंचाने करायचं ते असं. झाकण उचललं की निरीक्षणाची १५ सेकंदं सुरू. ८ व्या आणि १२ व्या सेकंदाला मोठ्याने सांगायचं. खेळाडूने १५ च्या आत सोडवायला सुरुवात केली तर ठीक, १५ ते १७ मधे केली तर वेळेत २ सेकंदांची भर, १७ उलटले तर तो प्रयत्न बाद. टायमर थांबल्यावर क्यूबला कोणी हात लावायचा नाही, पंचानेही नाही. नुसतं वाकून बघायचं. एखादा थर ४५ अंशांपेक्षा जास्त तिरका राहिला असेल तर पुन्हा २ सेकंदांची भर. त्याहून जास्त बिघडलेला असेल तर बाद. सगळी भांडणं इथेच होतात. सवयीने कोणीतरी तिरका थर सरळ करतो आणि मग पुरावाच उरत नाही.

सरासरी काढायची ती पाच प्रयत्नांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट वगळून, उरलेल्या तिघांची. एक प्रयत्न बाद झाला तर तो वाईटात जमा. दोन बाद झाले की सरासरीच बाद.

कोपरा_वळला

घनमूळ यांच्याशी सहमत. स्क्रॅम्बलबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. पांढरी बाजू वर, हिरवी समोर धरूनच सुरुवात करायची, आणि शेवटी सोबतच्या चित्राशी क्यूब ताडून पाहायचा. सीएसटायमर (क्यूबवाल्यांचा ऑनलाइन टायमर) चित्र दाखवतो. दोन स्क्रॅम्बलवाल्यांनी क्यूब वेगवेगळा धरला की एकाच फेरीत एकाला सोपा, दुसऱ्याला अवघड, असे आरोप सुरू होतात. (अवांतर: ३×३ ची कोणतीही स्थिती जास्तीत जास्त २० चालींत सुटते हे २०१० मध्ये सिद्ध झालं. त्यामुळे 'मलाच अशक्य स्क्रॅम्बल आला' ही सबब चालत नाही.)

अशक्य मात्र दोनच कारणांनी होतो. शेवटी बाकी सगळं जुळलंय आणि एकच कोपरा जागच्या जागी वळलेला दिसतोय, तर सोडवताना तो पिळला गेलाय. एकच कड उलटी असेल किंवा फक्त दोनच तुकडे अदलाबदल झालेले दिसत असतील तर क्यूब खोलून चुकीचा जोडलाय. तुकडे अंदाजाने जोडले तर बारातून एकदाच सुटणारा क्यूब तयार होतो. खोललेला क्यूब नेहमी सुटलेल्या अवस्थेतच जोडावा, हे त्यासाठी.

धाकटी_पाती

दादा विचारतोय: क्यूब सैल झालाय, कोपरे पिळले जातात. तेल घालून रविवारी न्यावा का?

कोपरा_वळला

तेलाने कोपरा पिळायचा थांबत नाही, तो ताणाचा प्रश्न आहे. सहाही बाजूंच्या मधल्या टोप्या काढा आणि स्क्रू एका वेळी पाव फेरा घट्ट करा, सहाही सारखेच. एक बाजू घट्ट आणि पाच सैल असा क्यूब सर्वांत वाईट फिरतो. जास्त आवळलात तर थर थोडे तिरके असताना पुढची चाल अडकते. मधला बिंदू शोधावा लागतो.

सिलिकॉन (क्यूबचं वंगण) घालायचंच तर शुक्रवारी. गाभ्यावर आणि एखाद्या कडेवर मिळून २-३ थेंब, मग शंभरेक चाली उगाच फिरवायच्या. ताजं घातलेलं सुरुवातीला जड वाटतं आणि बोटांचा अंदाज चुकतो. रविवारी सकाळी घातलंत तर पहिल्या फेरीचं वाटोळं ठरलेलं. यंत्राचं तेल, खोबरेल वगैरे नको; काही तेलं प्लास्टिकला खातात, काही नुसतीच धूळ धरतात.

घनमूळ

वेळापत्रकाचा अंदाज: १२ जण, ५ प्रयत्न, म्हणजे ६० प्रयत्न. आणणं, निरीक्षण, सोडवणं, नोंद धरून दीड मिनिट धरा. तीन टायमर असतील तर अर्धा तास. कागदावर. प्रत्यक्षात स्क्रॅम्बल करणारा एकच असला की तीन टायमर असूनही रांग लागते, तेव्हा प्रत्येक टायमरमागे एक स्क्रॅम्बलवाला पाहिजे. ४×४ ची फेरी दुपारी ठेवू नका, तिचे स्क्रॅम्बलच चाळीसहून जास्त चालींचे असतात आणि ४ वाजता संपणारा कट्टा ५ ला संपतो. सिनेमाचं तिकीट त्या हिशेबाने काढा.

पडदानशीन

आता आम्ही.

कितवी रांग हे पडद्याच्या रुंदीवर ठरतं, रांगांच्या संख्येवर नाही. पडदा डोळ्याशी साधारण ३६ अंशांचा कोन करेल असं अंतर बहुतेकांना मानवतं. ते येतं पडद्याच्या रुंदीच्या दीडपटीहून किंचित जास्त. ३० अंश हवे असतील तर पावणेदोनपटीच्या थोडं पुढे. पडदा १२ मीटर रुंद असेल तर ३६ अंशांसाठी साडेअठरा मीटर. पहिली रांग पडद्यापासून ६ मीटरवर आणि दोन रांगांत १.१ मीटर धरलं तर ही बारावी रांग. रिक्लायनर असतील तर रांगांतलं अंतर बरंच वाढतं, तेव्हा तीच जागा सातव्या-आठव्या रांगेत येते. 'मधली रांग घ्या' हा सल्ला यासाठीच फसवा.

पुढची गोम: पडदा स्कोपचा (जास्त रुंद, २.३९:१) आहे आणि सिनेमा फ्लॅट (कमी रुंद, १.८५:१) आहे का, ते पाहा. २.३९:१ च्या १२ मीटर पडद्याची उंची ५ मीटर. त्यावर १.८५:१ चा सिनेमा दाखवला तर चित्राची रुंदी सव्वानऊ मीटरच उरते, दोन्ही बाजूंना काळं. मग तोच कोन मिळवायला आठव्या-नवव्या रांगेत, म्हणजे तीन-चार रांगा पुढे यावं लागतं. काही पडदे मात्र फ्लॅटच्या आकाराचे असतात. तिथे फ्लॅट सिनेमा पूर्ण पडदा भरतो आणि स्कोपचा वरखाली कापलेला दिसतो. रुंदी तीच, मग रांगही तीच.

आत गेल्यावर मोजायचं तर हात सरळ पुढे करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण १० अंश. पडदा साडेतीन ते चार मुठींत मावला तर जागा बरोबर. पाच मुठी लागल्या तर मान फिरवून सबटायटल्स वाचावे लागणार.

मागची_रांग

आवाजासाठी मात्र शेवटची रांगच, भिंतीला टेकून. घुमतं छान.

पडदानशीन

@मागची_रांग, घुमतं म्हणूनच नको! मागच्या भिंतीजवळ खर्ज साचतो आणि मागचे स्पीकर पुढच्यांवर कुरघोडी करतात, संवाद दबतात. पडद्यापासून सभागृहाच्या साधारण दोन तृतीयांश खोलीवर, मधोमध, ही जागा आवाजाला सर्वांत समतोल. बाजूच्या खुर्च्यांवर एकाच भिंतीचे स्पीकर कानाशी येतात. रांगेत २२ खुर्च्या असतील तर तुम्हा दोघांना ११ आणि १२.

चित्राची रांग आणि आवाजाची रांग जुळली नाही तर? थरारपट असेल तर मी आवाज निवडेन, निसर्गदृश्यं असतील तर चित्र. सबटायटल्स असतील तर एक-दोन रांगा मागे, म्हणजे चित्र आणि अक्षरं एका नजरेत येतात. कॅमेरा हातात धरून पळवलेला सिनेमा असेल आणि दोघांपैकी कोणाला गरगरत असेल तर तीन-चार रांगा मागे, दुसरा इलाज नाही.

चौकट_राजा

थ्रीडी शनिवारी की रविवारी ते कोणीच सांगितलं नाही.

पडदानशीन

शनिवारी, डोळे झाकून. थ्रीडीत डोळ्यांचा फोकस पडद्यावर असतो आणि दोन्ही डोळे वळतात ते पडद्याच्या पुढच्या किंवा मागच्या बिंदूकडे. ही ओढाताण १६५ मिनिटं चालणार. रविवारी दिवसभर हातभर अंतरावरच्या क्यूबकडे एकटक पाहिल्यावर वर हे नको. पेनकट्टा १ ला संपतोय, साडेतीन-चारचा खेळ धरा. रविवारी साधा सिनेमा, साडेसहाच्या आधीचा नाही.

थ्रीडीला मधल्या खुर्च्यांचं महत्त्व दुप्पट. साध्या सिनेमाला पडद्यावरचा प्रकाश ४८ निट (उजळपणाचं एकक) असावा हे प्रमाण आहे. चष्म्यातून त्यातला मोठा हिस्सा गळतो. ध्रुवीकृत चष्म्यांच्या पद्धतीला चंदेरी पडदा लागतो आणि तो प्रकाश समोर जास्त, बाजूंना कमी फेकतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून रात्रीची दृश्यं काळोखच. नंबराचा चष्मा असेल तर थ्रीडीचा त्याच्यावर घालायचा, पण दोन काचांमधे फट राहिली की मागचा दिवा परावर्तित होतो. चष्मा मिळाल्या मिळाल्या मऊ फडक्याने पुसा. बोटांचे ठसे असतील तर दोन्ही डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात आणि लोक प्रोजेक्टरला शिव्या घालतात.

धाकटी_पाती

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. म्हणजे शनिवारी पेनं, दादाचा वाळणतक्ता, मग थ्रीडी. रविवारी मी पंच, आणि संध्याकाळी सबटायटल्सवाला. एकच शंका: तिकीट काढताना पडद्याची रुंदी कळणार कशी? नकाशात 'पडदा इकडे' एवढंच लिहिलेलं असतं.

पडदानशीन

नकाशातून अंदाज येतो. सर्वांत रुंद रांगेतल्या खुर्च्या मोजा. साध्या खुर्चीला ५५ सेंटिमीटर धरा, प्रत्येक मार्गिकेला सव्वा मीटर. २२ खुर्च्या आणि दोन मार्गिका म्हणजे साडेचौदा मीटरचं सभागृह. पडदा त्याहून दोन-तीन मीटर अरुंद धरा, म्हणजे १२ च्या आसपास. चूक झाली तरी एखाद-दुसऱ्या रांगेची होईल. शंका असेल तर एक रांग मागची घ्या.